सुधारायचे कोणाला? : अमेरिकेतील शास्त्रज्ञ-संघटनांच्या दोन अहवालांच्या निमित्ताने

अमेरिकेतील काळा माणूस आपल्या चळवळीला प्रथम भेटला तो साहित्यातून. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले आणि काळ्यांच्या साहित्याची ओळख त्यांनी मराठी दलित लेखकाला करून दिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावापासूनच काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगत. पुढची दहा-पंधरा वर्षे ‘निग्रो साहित्य आणि दलित साहित्य’ या विषयावरचा निबंध नाही असे संमेलन विरळाच. त्यांची कविता आपण वाचली, आत्मकथने वाचली, संगीतही थोडेफार ऐकले. प्रयोगशाळेतला काळा माणूस मात्र आपण पाहिला नाही. तो तिथे आहे काय, नसल्यास का नाही, आणि त्याला आत घेण्यासाठी शास्त्रज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन काय केले, या प्रश्नांकडे आपल्या समीक्षेने पाठ फिरवली.

हे आकस्मिक घडलेले नाही. साहित्याच्या प्रांतात प्रस्थापितांशी भांडणे तुलनेने सोपे होते. तुमचे सौंदर्यशास्त्र तुमच्यापाशी, आमचे आमच्यापाशी, असे तिथे म्हणता येत होते आणि आपण ते ठणकावून म्हटलेही. विज्ञानाच्या दारात ही भाषा चालत नाही. गुरुत्वाकर्षण सवर्णाला एक आणि दलिताला दुसरे असे कोणी म्हणत नाही. आणि म्हणूनच त्या दारावरचा पहारेकरी निर्धास्त असतो. ‘आमच्याकडे जात नाही, फक्त गुणवत्ता आहे’ हे वाक्य साहित्याच्या व्यासपीठावर उच्चारले तर श्रोते हसतील. संशोधन संस्थेत ते आजही गंभीर चेहऱ्याने उच्चारले जाते. निसर्गाचे नियम निरपेक्ष आहेत, तेव्हा त्या नियमांचा अभ्यास करणारेही निरपेक्षच असले पाहिजेत, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे हे काळ्या शास्त्रज्ञांनी शंभर वर्षे भोगून सिद्ध केले. एडवर्ड बूशे याने १८७६ साली येल विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच. डी. मिळवली, अमेरिकेत ही पदवी मिळवणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन. एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला अध्यापक म्हणून घेतले नाही. फिलाडेल्फियात काळ्या मुलांच्या एका शाळेत त्याने पंचवीसहून अधिक वर्षे शिकवले.

प्रस्तुत लेखात दोन अहवालांचा विचार करावयाचा आहे. पहिला आहे ‘द डबल बाइंड’, म्हणजे दुहेरी कोंडी. अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स या १८४८ साली स्थापन झालेल्या संघटनेने तो १९७६ मध्ये, बूशेच्या पदवीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, प्रसिद्ध केला. दुसरा आहे जानेवारी २०२० मधला ‘द टाइम इज नाऊ’. तो अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स या भौतिकशास्त्रीय संघटनांच्या महासंघाचा. अहवाल हे काही साहित्य नव्हे, त्यांची समीक्षा कसली करायची, असे कोणी म्हणेल. पण अहवालालाही निवेदक असतो. कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, दोष कोणाच्या पदरात टाकतो आणि कोणाला अलगद सोडून देतो, हे कादंबरीत जसे पाहतात तसेच अहवालातही पाहता येते. किंबहुना तिथे ते अधिक पाहिले पाहिजे, कारण अहवालावर पैसे आणि जागा अवलंबून असतात.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करू. शास्त्रज्ञांची संघटना म्हणजे नेमके काय? आपल्याकडे ‘सोसायटी’ म्हटले की वर्गणी, वार्षिक सभा आणि हारतुरे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत या संघटना विज्ञानाचा कारभारच चालवतात. नियतकालिके त्यांची, परिषदा त्यांच्या, पारितोषिके त्यांची. कोणाचे संशोधन छापावे, कोणाला व्याख्यानाला बोलवावे, हे तिथे ठरते. आणि नोकरीच्या जागा मुलाखतीच्या खोलीत ठरण्याआधी अनेकदा परिषदेतल्या चहाच्या टेबलावर ठरतात. म्हणून संघटनेच्या सभेला जाता न येणे म्हणजे केवळ सभेला न जाणे नव्हे.

१९५१ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गणितज्ञांची एक विभागीय सभा भरली. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाच्या दक्षिण-पूर्व विभागाची. त्याच गावात फिस्क हे काळ्यांचे विद्यापीठ. तिथल्या गणित विभागाचा प्रमुख ली लॉर्च हा गोरा गृहस्थ आपल्या तीन काळ्या सहकाऱ्यांसह सभेला गेला. त्या तिघांत एव्हलिन बॉइड होत्या, गणितात पीएच. डी. मिळवणाऱ्या पहिल्या काही काळ्या स्त्रियांपैकी एक. निबंध ऐकायला हरकत नव्हती. संध्याकाळच्या भोजनाला मात्र काळ्या गणितज्ञांना जागा नाकारली गेली. आपल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. प्रमेय एकत्र सोडवायचे, पंगत मात्र वेगळी! कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात १९११ च्या सुमारास शिकणाऱ्या मेघनाद साहांनाही वसतिगृहाच्या भोजनगृहात सवर्ण मुलांच्या बरोबरीने जेवू दिले जात नव्हते. ताऱ्यांच्या वर्णपटाचे कोडे उलगडणारा हा माणूस पंगतीच्या कोड्यापुढे मुकाट वेगळा बसला. साहा ढाक्याजवळच्या खेड्यातले, बॉइड वॉशिंग्टनच्या. दोघांच्या शास्त्रात आणि देशांत काही साम्य नाही. जेवणाच्या पानापाशी मात्र दोघांना एकच शास्त्र भेटले.

लॉर्चने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गणिताच्या दोन्ही राष्ट्रीय संघटनांना लिहिले : भेदभाव होणार नाही असे कलम तुमच्या नियमावलीत घाला. मागणी सद्भावनेची नव्हती, नियमाची होती. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लॉर्चचे पुढे काय झाले? न्यूयॉर्कमधल्या गोऱ्यांपुरत्या वसाहतीतल्या आपल्या घरात एका काळ्या कुटुंबाला राहू दिले म्हणून त्याची आधीच एक नोकरी गेली होती. पुढे आणखी नोकऱ्या गेल्या. शेवटी तो कॅनडात स्थायिक झाला. मॅथेमॅटिकल असोसिएशनने २००७ साली त्याला आपला मोठा सेवा-सन्मान दिला. पंगतीपासून सन्मानापर्यंत ५६ वर्षे गेली.

दार उघडत नाही म्हटल्यावर बहिष्कृत माणूस स्वतःचे घर बांधतो. काळ्या डॉक्टरांनी १८९५ मध्येच आपली नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली होती, कारण गोऱ्या डॉक्टरांची संघटना त्यांना घेत नव्हती. (त्या संघटनेने याबद्दल माफी मागितली ती २००८ साली.) १९६९ मध्ये काळ्या गणितज्ञांची नॅशनल असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिशियन्स निघाली, १९७३ मध्ये मेक्सिकन वंशाच्या व मूळनिवासी शास्त्रज्ञांची साकनास, १९७७ मध्ये काळ्या भौतिकशास्त्रज्ञांची नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक फिजिसिस्ट्स. यांतली सर्वांत बोलकी कथा आहे ती पर्ड्यू विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे प्रवेश घेणाऱ्या काळ्या मुलांपैकी ८० टक्के मुले पहिल्याच टप्प्यात गळत. १९७१ साली दोन पदवीपूर्व विद्यार्थी डीनकडे गेले आणि आमची आम्हांला संघटना हवी म्हणाले. चार वर्षांनी त्यांच्या अध्यक्षाने देशातल्या २८८ अभियांत्रिकी महाविद्यालयांना पत्रे धाडली. एप्रिल १९७५ मध्ये ३२ महाविद्यालयांतली ४८ मुले जमली आणि नॅशनल सोसायटी ऑफ ब्लॅक इंजिनिअर्सचा जन्म झाला. पदवीसुद्धा हातात नसलेल्या पोरांनी राष्ट्रीय संघटना काढावी, हे आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्याला नवलाचे वाटणार नाही.

‘द डबल बाइंड’ नेमका याच काळातला. डिसेंबर १९७५ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील एअरली हाऊस येथे ३० शास्त्रज्ञ स्त्रिया एकत्र आल्या. काळ्या, मूळनिवासी, मेक्सिकन-अमेरिकन, पोर्तो रिकोच्या. त्यांच्या चर्चेतून शर्ली माल्कम, पॉला हॉल आणि जेनेट ब्राउन यांनी हा अहवाल लिहिला. त्याचे सूत्र साधे आहे : स्त्रियांच्या मेळाव्यात आम्ही काळ्या ठरतो, काळ्यांच्या मेळाव्यात आम्ही बायका ठरतो. वंशाच्या तक्त्यात स्त्रिया दिसत नाहीत, स्त्रियांच्या तक्त्यात वंश दिसत नाही, आणि दोन्ही तक्त्यांच्या मधल्या फटीतून ही बाई गळून पडते.

अहवाल म्हणून त्याची सर्वांत मोठी शक्ती अशी की तो अनुभवापासून सुरू होतो. शाळेत ‘हे तुला झेपायचे नाही’ म्हणून दुसऱ्या वाटेला लावणारा सल्लागार, वर्गातली एकमेव असण्याचा ताण, घरच्यांच्या अपेक्षा, वरिष्ठांचा अविश्वास, असा त्या स्त्रियांच्या आयुष्याचा क्रम त्यात येतो. आपल्याकडे बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ ही पुस्तके याच्या नंतरची, ऐंशीच्या दशकातली. त्यांचा आणि या अहवालाचा काही संबंध नाही. तरीही तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडते : जिच्याविषयी आजवर दुसरे बोलत होते ती स्वतः बोलू लागते.

मग उणीव कुठे आहे? ती शिफारशींत आहे. अनुभव सांगताना हा अहवाल निर्भय आहे. मागणी करताना मात्र तो सर्वांना उद्देशून बोलतो. शाळांनी हे करावे, विद्यापीठांनी ते करावे, सरकारने अमुक, संघटनांनी तमुक. जे सर्वांचे काम असते ते कोणाचेच नसते. आणि यजमान संघटनेच्या स्वतःच्या घराची झडती अहवाल तितक्या कठोरपणे घेत नाही. घेणार तरी कसा? छप्पर तिचेच होते. हा दोष मी लेखिकांना लावत नाही. एवढे बोलायला जागा मिळवणे हेच त्या वेळी मोठे काम होते. परिणाम मात्र दिसला. ३५ वर्षांनी, २०११ मध्ये, शर्ली माल्कम यांनी ‘दुहेरी कोंडी’च्या पुढच्या पिढीवर लेख लिहिला. सहलेखिका होती त्यांचीच मुलगी. आईने मांडलेला प्रश्न मुलीच्या हातात तसाच आला, यापेक्षा वेगळी समीक्षा त्या शिफारशींची काय करावी?

आता दुसरा अहवाल. अमेरिकेत भौतिकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांची एकूण संख्या नव्वदच्या दशकानंतर झपाट्याने वाढली. काळ्या विद्यार्थ्यांचा वाटा मात्र पाच टक्क्यांच्या आसपास होता तो चारच्या खाली घसरू लागला. म्हणजे गाडी मोठी झाली आणि त्यांचा डबा लहान झाला. हे कळले कसे? महासंघाचा स्वतःचा सांख्यिकी विभाग वर्षानुवर्षे पदव्यांची वंशवार मोजणी करतो, म्हणून कळले. या संघटनांनी केलेल्या सर्व कामांत मला सर्वांत मोलाचे काम हे वाटते. भाषणे विसरली जातात, आकडा मानगुटीवर बसतो.

मग एक कृतिदल नेमले गेले. मेरी जेम्स आणि एडमंड बर्शिंगर हे त्याचे दोन अध्यक्ष. दोन वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांची आणि विभागप्रमुखांची पाहणी केली, पाच महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्र विभागांना प्रत्यक्ष भेटी दिल्या. निष्कर्ष असा की मुलांत ओढ आहे, कुवत आहे. नाही ते विभागांत पोषक वातावरण, आणि पैसा. विद्यार्थी टिकतो की नाही हे पाच गोष्टींवर ठरते असे ते म्हणतात : इथे मी परका नाही ही भावना, आपण भौतिकशास्त्रज्ञ आहोत ही स्वतःची ओळख, अभ्यासातला आधार, व्यक्तिगत व आर्थिक आधार, आणि संस्थेचे नेतृत्व व रचना. २०३० पर्यंत काळ्या पदवीधरांची संख्या किमान दुप्पट करावी, आणि संघटनांनी एकत्र येऊन ५ कोटी डॉलरचा कायम निधी उभारावा, अशा त्याच्या मागण्या आहेत.

इथे आपल्या वाचकाला काहीतरी आठवले पाहिजे. नोव्हेंबर १९३२. पुणे करार होऊन दीड-दोन महिने झाले होते. अस्पृश्यता निवारणासाठी सवर्ण पुढाऱ्यांनी एक संघ स्थापन केला होता, तोच पुढे हरिजन सेवक संघ झाला. तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांनी ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून संघाचे चिटणीस ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. आशय असा : अस्पृश्यांच्या उद्धाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक दृष्टी असे मानते की अस्पृश्याचे दैन्य त्याच्या वागणुकीतून आले. म्हणून दारूबंदी, तालीम, ग्रंथालय, शाळा यांच्या द्वारे त्याला एकेकटा सुधारावा. दुसरी दृष्टी म्हणते की दोष परिस्थितीत आहे. म्हणून विहीर, शाळा, चावडी, वाहने खुली करावीत, कामधंद्यात समान संधी द्यावी, आणि परिस्थिती ज्यांच्या हातात आहे त्यांना भिडावे. संघाने आपली शक्ती दुसऱ्या कामात घालावी, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. आणि हे काम कोणत्या माणसांच्या हाती द्यावे हाही त्यांचा प्रश्न होता. त्या पत्राची साधी पोचही मिळाली नाही. ते त्यांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी’ यांच्यावरील ग्रंथात जसेच्या तसे छापले आहे.

कामधंद्यातली समान संधी म्हणजे काय, हे मुंबईच्या गिरणीकामगाराला माहीत होते. अस्पृश्य कामगाराला कमी मजुरीच्या खात्यांत घेत. जास्त मजुरीच्या विणखात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. आता, त्या कामगाराला तुम्ही कितीही रात्रशाळा काढून दिल्यात, त्याची कितीही ग्रंथालये उभारलीत, तरी विणखात्याचा दरवाजा उघडणार नव्हता. शिकवायचे होते ते त्याला नव्हे, विणखात्याला.

शास्त्रज्ञ-संघटनांनी १९७० नंतर जे कार्यक्रम काढले त्यांतले बहुसंख्य पहिल्या दृष्टीचे होते : काळ्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग, मार्गदर्शक, स्पर्धा, शिष्यवृत्त्या. मूल कमी पडते, त्याला भरून काढा. २०२० च्या अहवालाचे महत्त्व असे की एका प्रस्थापित महासंघाने प्रथमच इतक्या उघडपणे दुसरी दृष्टी स्वीकारली आणि बोट विद्यार्थ्याकडून विभागाकडे वळवले. बाबासाहेबांनी ८८ वर्षांपूर्वी मांडलेला विचार भौतिकशास्त्रज्ञांना स्वतःच्या आकडेवारीतून सापडला. त्यांनी ते पत्र वाचले असण्याचे कारण नाही. या अहवालाला मी चांगला म्हणतो तो एवढ्यासाठी.

परंतु दृष्टी बदलली म्हणून दार उघडत नाही. विभाग बदलणार कोण? संघटनेपाशी शिफारस आहे, सत्ता नाही. विभागाने अहवाल फडताळात ठेवला तर त्याचे काय होईल? काही नाही. संघटनेचे सभासद म्हणजे त्या विभागांतलेच प्राध्यापक. म्हणजे पहारेकऱ्यांची संघटना पहारेकऱ्यांनाच विनंती करते आहे. निधीचेही तेच. मागणी ५ कोटींची होती. २०२२ मध्ये सायमन्स फाउंडेशनकडून १ कोटी २५ लाख मिळाले. त्यातून भौतिकशास्त्राच्या आणि खगोलशास्त्राच्या संघटना एकत्र येऊन काम करू लागल्या, काळ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. शिष्यवृत्तीला मी कमी लेखत नाही. ज्या घरात फी भरायला गाय विकावी लागते त्या घरातला माणूस शिष्यवृत्तीला कमी लेखूच शकत नाही. पण पाच कारणांपैकी पैशाचे कारण दात्याला परवडले. रचनेचे कारण कोणाला परवडले, हे दिसत नाही.

प्रत्यक्ष दरवाजाला हात घातला गेला तो दुसरीकडे, आणि योगायोग असा की त्याच नॅशव्हिलमध्ये. २००४ साली फिस्क आणि शेजारचे श्रीमंत व्हँडरबिल्ट विद्यापीठ यांनी एक पूल बांधला : फिस्कमध्ये एम. ए., तिथून व्हँडरबिल्टमध्ये पीएच. डी. निवड करताना जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर भिस्त न ठेवता चिकाटी, आवड, आधीचे काम हे नीट मुलाखत घेऊन तपासायचे. कल्पना धाडसी होती, कारण ती गुणवत्तेच्या व्याख्येलाच हात घालत होती. मुले टिकली, पीएच. डी. झाली. अमेरिकन फिजिकल सोसायटीने पुढे याच धर्तीवर देशभर पूल-कार्यक्रम काढला, आणि २०१८ पासून रसायनशास्त्राच्या व भूभौतिकीच्या संघटनांनाही त्यात जोडून घेतले. अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तर २०१६ च्या सुरुवातीला विभागांना सांगितले की जीआरईची सक्ती सोडा किंवा तिचे वजन कमी करा. बऱ्याच विभागांनी ती सोडली. संघटना एकत्र येऊन काय करू शकतात याचा मला सापडलेला हा सर्वांत खरा दाखला आहे. तिथे कोणाच्या आपलेपणाची चर्चा झाली नाही. एक कुलूप काढले गेले.

आता या सगळ्यावर पसरलेल्या ‘विविधता’ या शब्दाविषयी. हा शब्द निष्पाप नाही. १९७८ च्या बाकी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या १०० पैकी १६ राखीव जागा रद्द केल्या, आणि त्याच वेळी विविधतेसाठी वंश हा अनेकांपैकी एक घटक म्हणून पाहायला मुभा दिली. झालेल्या अन्यायाची भरपाई हे कारण बाजूला पडले, वर्गाला येणारी शोभा हे कारण पुढे आले. काळा विद्यार्थी आता हक्कदार राहिला नाही. गोऱ्या मुलांच्या शिक्षणातला एक उपयुक्त घटक झाला. डिसेंबर २०१५ मध्ये एका खटल्याच्या सुनावणीत सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विचारले की भौतिकशास्त्राच्या वर्गात अल्पसंख्य विद्यार्थी असा कोणता वेगळा दृष्टिकोन आणतो? प्रश्न कुत्सित वाटेल, पण ‘विविधता’ या शब्दाच्या पोटातून तो सरळ बाहेर पडतो. दोन हजारांहून अधिक भौतिकशास्त्रज्ञांनी न्यायालयाला उघड पत्र लिहून सांगितले की काळ्या विद्यार्थ्याने वर्गात बसण्यासाठी गोऱ्यांना काही देण्याची अट मुळातच अमान्य आहे. हे पत्र मला अनेक अहवालांपेक्षा मोठे वाटते. बाबासाहेबांचा शब्द प्रतिनिधित्व हा होता. प्रतिनिधित्व मागणारा माणूस आपण किती शोभून दिसू हे सांगत बसत नाही.

शब्द सैल असला की हिशेबही सैल होतो. काळ्या अभियंत्यांची, स्पॅनिशभाषक अभियंत्यांची, मूळनिवासींची आणि स्त्री-अभियंत्यांची अशा चार संघटनांनी मिळून २०२५ पर्यंत दरवर्षी ५० हजार ‘विविध’ अभियंते घडवण्याचे लक्ष्य ठेवले होते. चौघींची एकजूट अभिनंदनीय आहे. पण एकच आकडा ठेवला की तो गोऱ्या मुलींच्या वाढीनेही भरू शकतो आणि काळी मुलगी होती तिथेच राहू शकते. १९७६ च्या तीस बायकांनी दाखवलेली फट ही हीच. आपल्याकडे ‘मागासवर्गीय’ या एका शब्दाखाली काय काय लपते हे ज्यांना माहीत आहे त्यांना यावर अधिक सांगायला नको.

२९ जून २०२३ रोजी न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचार बंद केला. शब्दाचा आधार शब्द देणाऱ्यानेच काढून घेतला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सत्तेवर येताच विविधतेच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश निघाले, आणि एप्रिलपासून नॅशनल सायन्स फाउंडेशनने शेकडो अनुदाने रद्द केली. त्यातले काही वाद न्यायालयात गेले. त्याआधी फेब्रुवारीतच हॉवर्ड ह्यूज या खाजगी, अतिश्रीमंत वैद्यकीय संस्थेने आपला ६ कोटी डॉलरचा समावेशनाचा कार्यक्रम गुंडाळला. दुसऱ्याच्या सदिच्छेवर उभे राहिलेले काम किती दिवस टिकते, हे बाबासाहेबांनी संघातून अंग काढून घेतले तेव्हाच दिसले होते. पर्ड्यूच्या पोरांनी काढलेली संघटना मात्र मार्च २०२५ मध्ये शिकागोत आपले अधिवेशन भरवत होती. तिचाही खर्च मोठ्या कंपन्यांच्या देणग्यांवर चालतो, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. तरीही फरक आहे : कंपनी गेली तर तिचा मंडप लहान होईल; घर तिचे तिच्याकडे राहील.

आपल्याकडे यातले काय आहे? विज्ञानाच्या तीन राष्ट्रीय अकादमी आहेत : अलाहाबादची १९३० ची, तीच मेघनाद साहांच्या पुढाकाराने निघाली, बंगलोरची १९३४ ची, दिल्लीची १९३५ ची. त्या तिघी एकत्र काम करू शकतात; विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनवृत्ती त्या संयुक्तपणे देतात. स्त्रियांच्या प्रश्नावरही त्यांनी काही केले. बंगलोरच्या अकादमीने २००८ मध्ये ‘लीलावतीज डॉटर्स’ हे स्त्रीशास्त्रज्ञांच्या आत्मनिवेदनांचे पुस्तक काढले. भारतीय भौतिकशास्त्र संघटनेने स्त्रियांसाठी खास गट नेमला. चांगले झाले. जातीसाठी मात्र असा गट या अकादमींनी नेमल्याचे दिसत नाही. एम्समधल्या जातीय वागणुकीची चौकशी २००६-०७ मध्ये झाली ती प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीकडून, आणि ती समिती सरकारने नेमली होती, वैद्यकाच्या कोणत्या संघटनेने नव्हे. आयआयटीत दलित-आदिवासी प्राध्यापक किती, हे माहितीच्या अधिकारात अर्ज करून किंवा संसदेत प्रश्न विचारून बाहेर काढावे लागते. अमेरिकन महासंघ दरवर्षी जे स्वतःहून छापतो, ते इथे गुपित आहे.

तेव्हा पहिली मागणी मोजणीची असावी. तिन्ही अकादमींनी आपल्या सभासदांची, पारितोषिकांची आणि संयुक्त संशोधनवृत्तीसाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांची प्रवर्गवार संख्या प्रसिद्ध करावी. आणि त्यात स्त्रियांची संख्या प्रवर्गासह वेगळी द्यावी, नाहीतर तीस बायकांची ती फट इथेही तशीच राहील. विद्यापीठांतल्या आंबेडकरी विद्यार्थी संघटनांनी एकत्र येऊन तिघींना हे पत्र लिहावे. उत्तर येण्यासाठी तीन महिने थांबावे. न आल्यास, ठक्करांना लिहिलेल्या पत्रासारखेच, ते तारखेसह छापून टाकावे.